ख्रिस्ती व्हायचं म्हणजे आणखी काय काय व्हायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलतानाचे "म्हणजे", "बघा" थोडे कमी केलेत, सगळे काढलेले नाहीत.

आज सुरुवात धारणीपासून. परतवाड्याहून निघालं की घाट, मग सेमाडोह, हरिसाल, आणि मग धारणी. पुढे तोच रस्ता बऱ्हाणपूरकडे उतरतो. धारणीच्या बाजारात दहा मिनिटं नुसते उभे राहा. दुकानदार हिंदीत बोलतो, एसटीचा कंडक्टर वऱ्हाडीत, आणि गावाकडून आलेली माणसं आपसात कोरकूत. कोरकू ही मराठीची बोली नाही आणि हिंदीचीही नाही. तिचं कूळच वेगळं, मुंडा भाषांचं. तिच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे मुंडारी आणि संथाळी, पार झारखंडाकडे. मधल्या शेकडो मैलांत कुणी नातेवाईक नाही. "कोरो" म्हणजे माणूस, आणि त्याचं अनेकवचन "कोरकू". म्हणजे "माणसं". जमातीचं नावच ते.

आता एक प्रश्न. समजा इथल्या एखाद्या पाड्यावरच्या कोरकू मुलाला येशू ख्रिस्त पटला. कसा पटला, का पटला, हा आजचा विषय नाही. तो पटला आणि त्याला बाप्तिस्मा घ्यायचाय. मंडळीनं, म्हणजे तिथल्या चर्चनं, त्याला काय काय सोडायला सांगावं? होळीला नाचायचं नाही? घरच्या लग्नात मोहाची सिडू ओतली जाते तिथे बसायचं नाही? गावाच्या मुठवा देवाच्या पूजेची वर्गणी द्यायची नाही? बाप वारला तर त्याच्या नावाचा लाकडी खांब उभा करायचा नाही? आणि भजन कोणत्या भाषेत म्हणायचं?

हा प्रश्न मेळघाटात पहिल्यांदा आलेला नाही. तो जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे. आपल्या मराठी मुलखात तर तो इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी येऊन गेलाय, की त्याच्यावर एक अख्खी सिरीज होईल. पण आज एकाच भागात.

आधी थोडं मागे, यरुशलेमला. येशूचे पहिले सगळे शिष्य यहुदी. स्वतः येशूही यहुदी. इसवी सनाच्या पन्नाशीच्या आसपास पौल आणि बर्णबा अंत्युखियात काम करत होते आणि तिथे ग्रीक बोलणारी, यहुदी नसलेली माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत येऊ लागली. तेव्हा यहुदियातून काही लोक आले आणि म्हणाले, छान झालं, पण आधी सुंता करून घ्या, मोशेचं नियमशास्त्र पाळा, म्हणजे आधी यहुदी व्हा, मग ख्रिस्ती. वाद पेटला. तो थेट यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांसमोर गेला. ही हकीकत नव्या करारात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. निकाल काय लागला? सुंतेची अट नाही. चार गोष्टी फक्त टाळा: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार. संपलं.

यात मला एक गोष्ट फार रोचक वाटते. निकाल देणारे सगळे यहुदी होते. त्यांचं स्वतःचं सगळं आयुष्य त्या नियमशास्त्रात गेलेलं. त्यांना ते प्रिय होतं. ते त्यांनी सोडलं नाही, फक्त दुसऱ्यावर लादलं नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. आपल्याला जे प्रिय असतं ते आपल्याला "संस्कृती" वाटतच नाही, ते "बरोबर" वाटतं.

आता उडी मारू गोव्यात.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि इथलाच झाला. सासष्टीत राहून तो मराठी आणि कोंकणी शिकला, आणि १६१६ साली त्याचं "ख्रिस्तपुराण" रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. ओव्या, बरं का. ज्ञानेश्वरीचा छंद. हे पुराण का लिहिलं, त्याचं कारण त्याच ग्रंथात येतं. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रींना विचारतो, की तुम्ही आमची आधीची पुराणं बंद केलीत, मग वाचायला दुसरं काही द्याल की नाही? काय साधा प्रश्न आहे. संध्याकाळी देवळात बसून पुराण ऐकणारा माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याची संध्याकाळ कुठे जात नाही ना. ती रिकामी झाली, एवढंच. स्टीफन्सनं ती भरून काढली, त्याच्याच छंदात.

पण गोव्यात स्टीफन्स एकटा नव्हता. तिथे इन्क्विझिशनही होतं, १५६० पासून. नव्या ख्रिस्ती माणसाच्या मनात जुना धर्म उरला आहे का, हे शोधणारं न्यायालय. मनात काय आहे ते दिसत नाही, म्हणून त्यांनी घरात काय आहे ते बघायला सुरुवात केली. १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं, की स्थानिकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि आपली भाषा सोडावी. आणि १७३६ साली इन्क्विझिशननं एक लांबलचक मनाईनामा काढला. ख्रिस्ती माणसांनी अंगणात तुळस ठेवू नये. पुरुषांनी पुडवें, म्हणजे आपलं धोतर, नेसू नये. बायकांनी चोळी घालू नये. लग्नात अमुक गाणी नकोत. आणि भात मीठ न घालता शिजवू नये, कारण हिंदू तसा शिजवतात!

भातात मीठ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. शेजारीण खिडकीतून वास घेऊन तक्रार करू शकते असा तो काळ. चूल हीच साक्षीदार.

गंमत अशी की याच्या कितीतरी आधी, १६५९ साली, खुद्द रोमनं आपल्या धर्मप्रसार विभागाकडून पूर्वेकडे निघालेल्या मिशनऱ्यांना उलट सूचना दिली होती. लोकांच्या चालीरीती उघड उघड धर्म किंवा नीतीच्या विरोधात नसतील तर त्या बदलायला सांगू नका, फ्रान्स किंवा स्पेन उचलून चीनमध्ये नेण्यात काय अर्थ आहे, असा त्याचा आशय. कागद रोममध्ये होता. गोव्यात मात्र भातात मीठ आहे की नाही ते तपासलं जात होतं.

गोव्याचं झालं. आता इंग्लंडला चला, पण एका मराठी बाईबरोबर.

पंडिता रमाबाई तुम्हाला शाळेत भेटल्या असतील, दोन ओळींत. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी, भागवत तोंडपाठ, १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. १८८३ साली छोट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज नावाच्या गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंत पुस्तकात असतं. पुढची भांडणं बहुतेक नसतात.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. प्रेमळ बाई, रमाबाईंच्या काळजीनं अर्ध्या झालेल्या. दोघींमधला पत्रव्यवहार आज छापील मिळतो आणि तो जरूर वाचावा असा आहे. रमाबाई शाकाहारी होत्या, मांस-मासे तर नाहीतच, अंडीसुद्धा नाहीत. जेराल्डिनना यात जातीचा अभिमान दिसला: अजून ब्राह्मणपण सुटलेलं नाही. रमाबाईंचं म्हणणं, मी हिंदू आहे, पूर्वजांच्या ज्या चालीत काही वाईट नाही त्या मी पाळणार. मग क्रूसाचा वाद. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या देशातल्या माणसांनाही येत नाही, लिहायचंच तर संस्कृतात का नको? मग शिकवण्याचा वाद. त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहत होत्या. तिथे त्यांनी इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तर हिंदुस्थानातले बिशप अस्वस्थ. बाईनं पुरुषांना शिकवायचं? लोक काय म्हणतील? ज्या बाईनं कलकत्त्यात पंडितांच्या सभेत उभं राहून संस्कृतात भाषण केलं होतं, तिला!

आणि सगळ्यात मोठा वाद श्रद्धेचाच. मी ख्रिस्त स्वीकारला आहे, तुमच्या चर्चमधला एक विशिष्ट पंथ आणि त्यातलं प्रत्येक कलम नाही, असं त्या सांगत राहिल्या. एका ख्रिस्तामागे इतके पंथ कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रामाणिक होता.

जेराल्डिनना खलनायिका करू नका, बरं का. त्या बाईंना खरंच वाटत होतं की आपण एका जीवाला वाचवतोय. इन्क्विझिशनमध्ये आणि यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. पण ताटात काय वाढायचं हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. नवा माणूस आला की यजमानाचं लक्ष आधी त्याच्या ताटाकडे का जातं, कोण जाणे. आणि रमाबाई गप्प बसल्या नाहीत म्हणून आपल्याला हे कळतंय. ज्यांना उत्तर देता आलं नाही, लिहिता येत नव्हतं, अशा किती जणी असतील?

रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. शेवटची कित्येक वर्षं त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यात एक मोठा उलटफेर आहे. संस्कृतची पंडिता असलेल्या या बाईनं ठरवलं की भाषांतर संस्कृताळलेलं नको, खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल असं हवं. १९२२ साली त्या गेल्या. १९२४ साली ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून निघालं.

आता येऊ अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला. इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते, आणि मला वाटतं जास्त खरी.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरमध्ये. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गीतं कशी होती? बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं, इंग्रजी चालींवर. मराठी शब्दांचे आघात एकीकडे, चालीचे दुसरीकडे. गाणारा घामाघूम. १८६०च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं. तबला, टाळ, अभंग, आख्यान. लोक थांबून ऐकू लागले.

आणि मग आले नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचे, चित्पावन, कवी. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी त्यांची गाठ पडली, त्यानं नवा करार दिला, आणि दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९५ मध्ये, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही. नारायण ते नारायणच राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांनी शेकडो ख्रिस्ती गीतं लिहिली, देशी चालींवर, आणि मराठी चर्चमध्ये ती आजही म्हटली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि "देवाचा दरबार" सुरू केला. ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्यांची अशी बिरादरी, जिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही असू शकतील. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले.

पण या भागाच्या दृष्टीनं टिळकांपेक्षा त्यांची बायको महत्त्वाची. लक्ष्मीबाई. "स्मृतिचित्रे" कुणी वाचलं नसेल तर हा भाग इथेच थांबवा आणि ते आधी वाचा. खरंच. मराठीतलं त्याच्या तोडीचं आत्मचरित्र मला माहीत नाही.

लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या. वडील सोवळ्यानं पछाडलेले, बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातली मुलगी, आणि नवरा एक दिवस ख्रिस्ती होऊन बसतो. आकाश कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या, नातेवाइकांकडे राहिल्या. मग मुलाला घेऊन टिळकांकडे परतल्या, पण ख्रिस्ती म्हणून नाही. स्वतःचं सोवळं, स्वतःचं पाणी, स्वतःचा स्वयंपाक. टिळक तापट माणूस. पैसा दुसऱ्याला देऊन टाकतील, घरात भांडतील, रागानं निघून जातील. पण या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिचं सोवळं तिनं पाळावं अशी व्यवस्था ठेवली. मिशनच्या आवारात, ख्रिस्ती लोकांच्या मधोमध, एक बाई आपलं पाणी वेगळं ठेवून राहतेय आणि तिला कुणी हाकलून देत नाही.

आणि मग एके दिवशी तिचं तिनेच सोडलं. जात देवानं केली की माणसानं, असा विचार करता करता तिला वाटलं की देवानं केली असती तर माणसांच्या अंगावर काही खूण ठेवली असती. जन्म तोच, मरण तेच. ठरवलं, की आता कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. हे तिच्या बाप्तिस्म्याच्या आधीचं. बाप्तिस्मा १९०० साली.

आता इथे तुम्ही मला अडवायला हवं. कारण लक्ष्मीबाईंचं सोवळं म्हणजे काही धोतर किंवा भातातलं मीठ नव्हे. त्या ज्यांच्या हातचं पाणी पीत नव्हत्या, ते कोण होते? नगर भागात ख्रिस्ती झालेले बहुतांश लोक महार आणि मांग समाजातले. शतकानुशतकं ज्यांनी विहिरीपासून लांब उभं राहून पाण्यासाठी हात पुढे केला, ते एका जागी आले, जिथे आपण माणूस म्हणून मोजले जाऊ असं त्यांना वाटलं. आणि तिथेही एक ब्राह्मण बाई आपला तांब्या बाजूला ठेवते. तिला सांभाळून घेतलं ही सगळ्यांची सहनशीलता म्हणायची की तिच्या जातीची सवलत? एखाद्या मांग बाईनं हट्ट केला असता तर इतका धीर धरला असता का?

म्हणून "कुणाच्याही संस्कृतीला हात लावू नका" हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी ते तसंच्या तसं मला गिळवत नाही. तमिळ देशात मदुराईला रॉबर्टो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ पासून संन्याशाच्या वेषात राहिला, जानवं, शेंडी सगळं चालवून घेतलं. आपण त्याचं कौतुक करतो. पण त्याच मिशनमध्ये पुढे उच्च जातींसाठी वेगळे पाद्री आणि खालच्या म्हणवल्या गेलेल्या जातींसाठी वेगळे, अशी सोय झाली. जातीची संस्कृती जपली ना! एका पंगतीला बसा, ही मिशनऱ्यांची अटही लादणूकच होती. पण ती लादणूक ज्यांच्या बाजूनं होती, त्यांना विचारा.

मला यातून एवढंच कळतं: चाल कुणाला कमी लेखत असेल तर तिच्याबद्दल बोलायलाच हवं. बाकीच्या ताटाकडे बघू नये. आणि बोलल्यानंतरसुद्धा, लक्ष्मीबाईंसारखं, माणसाला आपल्या पायांनी चालत येऊ द्यावं. तोपर्यंत ज्यांच्या हातचं पाणी नाकारलं गेलं, त्यांचा धीर कुणाच्या खात्यावर मांडायचा, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

चला, परत मेळघाटात. आता तो मघाचा कोरकू मुलगा नीट दिसेल.

मेळघाटात मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं. एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, आणि चिखलदरा हे त्याचे पाय रोवायचे ठिकाण. त्याचं नावच होतं कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन. त्याच मिशनच्या जॉन ड्रेक यांनी १९०३ साली कलकत्त्याला कोरकूचं व्याकरण छापलं. त्याआधीच १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन भयंकर दुष्काळ वऱ्हाडावर येऊन गेले होते. जंगलातल्या माणसांचे तर हालहाल झाले. म्हणजे बघा, बाहेरून आलेला माणूस अन्न घेऊन येतोय, औषध घेऊन येतोय, आणि धर्मही घेऊन येतोय. अशा वेळी "मी तुझ्यावर काही लादत नाही" असं म्हणणं सोपं, पण भुकेल्या माणसाला "नाही" म्हणण्याची मोकळीक किती असते? हे मिशनऱ्याला लागू, तसंच सावकाराला आणि सरकारलाही.

पण ड्रेक कोरकू शिकले, आणि माझ्या मते हे छोटं काम नव्हे. कारण इथे टिळकांची गीतंही कामाची नाहीत. विचार करा: नगरमध्ये इंग्रजी चाल टाकून अभंग आणला तेव्हा तो "आपला" झाला. तोच अभंग धारणीजवळच्या पाड्यावर नेला तर? कोरकूला पंढरीची वारी परकी, ओवी परकी, मराठी ही शाळेतली आणि तहसीलमधली भाषा. त्याचा ताल गादली-सुसूनचा, बायकांच्या रांगेच्या पावलांचा. वऱ्हाडातून आलेला प्रेमळ मराठी पाळक त्याला "हे आपलं देशी भजन" म्हणून जे शिकवेल, ते त्या मुलासाठी वाँटेजच्या लॅटिन क्रूसाइतकंच लांबचं असू शकतं. टिळकांनी जे स्वतःसाठी मिळवलं, ते दुसऱ्याला तयार मिळत नाही. त्याला त्याचं स्वतःच करावं लागतं.

भाषेतली एक बारीक गोष्ट सांगतो. इंग्रजीत "वुई" एकच. मराठीत आपल्याकडे दोन: "आम्ही" म्हणजे तू सोडून, "आपण" म्हणजे तुला धरून. कोरकूतही हा भेद आहे, तिच्या सगळ्या मुंडा बहिणींमध्ये आहे. इंग्रजाला तो शिकावा लागतो. आपल्याला तो आईच्या दुधाबरोबर मिळतो. तरीही पाड्यावर गेल्यावर किती वेळा आपण "आमच्यात असं चालत नाही" असं म्हणतो, मोजून बघा.

आता खांबाचा प्रश्न, तो सगळ्यात अवघड. कोरकूंमध्ये माणूस गेल्यावर पुढे कधीतरी सिडोळीचा विधी होतो. सागाच्या लाकडाचा मुंडा कोरतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार, आणि तो गावाच्या ठरलेल्या जागी रोवतात. नातेवाईक जमतात, जेवण होतं, सिडू होते. त्याशिवाय गेलेला माणूस पूर्वजांत मिळत नाही अशी समजूत. ख्रिस्ती झालेल्या मुलानं बापाचा मुंडा करायचा की नाही?

एक उत्तर: ही पूर्वजपूजा आहे, नाही. दुसरं उत्तर: हा दगडी क्रूसासारखाच आठवणीचा खांब आहे, करा. दोन्ही उत्तरं धारणीबाहेरच्या माणसानं देऊ नयेत असं माझं मत. त्या खांबावरच्या चंद्र-सूर्याला तो मुलगा गोमेज म्हणून हात जोडतो, की बापाच्या नावानं नुसता रडतो, हे त्यालाच ठाऊक. आणि दारूचं म्हणाल, तर त्या काळचे प्रॉटेस्टंट मिशनरी दारूबंदीच्या चळवळीत बुडालेले होते. दारूनं घरं बुडतात हे खोटं नाही, पाड्यावरची कुठलीही बाई सांगेल. पण पाहुण्याला, देवाला, मेलेल्याला द्यायची वाटी आणि रोज संध्याकाळची बाटली या दोन गोष्टी आहेत. यात निवाडा करायचा तर त्या बायकांना बसवून करा.

हे सगळं "इतिहास" म्हणून ऐकत असाल तर दोन ताज्या गोष्टी सांगतो. पहिली कागदाची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात धरले गेले, ख्रिस्ती आणि मुस्लिम नाहीत. अनुसूचित जमातीच्या आदेशात मात्र धर्माची अट नाही. कोरकू ख्रिस्ती झाला तरी कोरकूच. पण २००४ साली केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की धर्म बदलल्यानं जमात आपोआप सुटत नाही, मात्र तो माणूस जमातीच्या चालीरीती पाळतो का, जमात त्याला आपला मानते का, हे प्रत्येक प्रकरणात बघावं लागेल. समजलं का? म्हणजे जो पाळक उत्साहाच्या भरात मुलाला "होळी सोड, लग्नाला जाऊ नकोस, खांब करू नकोस" असं सांगतो, तो त्याचं नुसतं मन मोडत नाही. उद्या कुणी त्याच्या दाखल्यावर हरकत घेतली तर याच गोष्टी त्याच्याविरुद्ध मांडल्या जातील. आणि धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, ही मागणी तर सध्या जोरात आहेच.

दुसरी गोष्ट जमिनीची, सहा फुटांच्या. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ख्रिस्ती झालेल्या एका पाळकाचं निधन झालं, मुलाला त्यांना गावातच, आपल्या माणसांजवळ पुरायचं होतं, गावाचा विरोध. देह जवळपास तीन आठवडे शवागारात. दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगण्यात आलं. इथे लादणारं चर्च नव्हतं, गाव होतं. "तू त्यांचा झालास, आता आमच्यात जागा नाही." चर्च म्हणतं आमच्यासारखा हो, गाव म्हणतं आमच्यासारखा राहा, आणि मधे एक माणूस बापाचा देह घेऊन उभा.

काहून होते असं, असं मला एका श्रोत्यानं मागच्या भागाखाली विचारलं होतं. त्याला एक गाव सांगतो. वसईकडे जा. तिथल्या सामवेदी ख्रिस्ती बायका पोर्तुगीजांचं राज्य येऊन गेलं तरी आपलं लाल लुगडं नेसत राहिल्या, आपली बोली बोलत राहिल्या. त्याच वसईतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले, बायबलचं "सुबोध" मराठी रूप त्यांनी दिलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तिथे चारशे वर्षांचा वेळ मिळाला, गावच्या गाव एकत्र होतं. धारणीजवळच्या पाड्यावर एखाद-दुसरं घर असतं. त्याला चारशे वर्षं कुठून द्यायची?

मेळघाटातून कुणी ऐकत असेल, विशेषतः कोरकू घरातलं, तर आवाजात मेसेज पाठवा. कोरकूत पाठवला तरी चालेल, सोबत मराठीत दोन ओळी टाका. मुंडा कोरणाऱ्या कुणाशी बोलता आलं, तर त्याच्यावर एक स्वतंत्र भाग करायचा विचार आहे.